‘हिनोकी’ : ओल्या लाकडाचा वास अंगाला का लावावा?

निशिगंध_दादर

नमस्कार. लंडनहून आलेल्या मावसबहिणीने मला ‘कॉम दे गार्सों’ ही फॅशन कंपनी आणि ‘मोनोकल’ मासिक यांनी मिळून २००८ साली काढलेल्या ‘सेंट वन : हिनोकी’ या परफ्यूमची पाच मिलीची नमुन्याची कुपी दिली. हिनोकी हा जपानचा सूचिपर्णी वृक्ष आहे. तिकडच्या पारंपरिक स्नानगृहांतले टब या लाकडाचे करतात आणि त्या टबात गरम पाणी भरल्यावर सुटणारा गंध बाटलीत उतरवण्याचा हा प्रयत्न आहे, असे बहिणीने सांगितले.

पहिल्या दिवशी मनगटावर एकच फवारा मारला. पहिली दोन मिनिटे चित्रकाराच्या खोलीत उभी असल्यासारखे वाटले, म्हणजे सरळसरळ टर्पेंटाइन. मग लिंबाच्या सालीसारखे काहीतरी चमकून गेले आणि त्यामागून नुकत्याच तासलेल्या लाकडाचा स्वच्छ, कोरडा गंध आला, जो मला फार आवडला. पण तासाभरात नाक मनगटाला टेकवल्याशिवाय काही कळेना. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “सुतार येऊन गेला का गं? आणि भरदुपारी कापूर कुणी लावला?”

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे की हा गंध तुम्हाला कसा वाटला, मुंबईच्या पावसाळी हवेत त्याचे काय होते, आणि मुळात हा जपानी गंध आहे की युरोपातल्या मंडळींनी कल्पिलेला जपान? पन्नास मिलीची बाटली मागवावी का, हा खरा प्रश्न आहे, कारण तिची किंमत पाहून मी दोनदा संगणक बंद केला आहे.

रंधा

हा परफ्यूम मी हुंगलेला नाही, पण लाकूड हुंगण्यात लहानपण गेले आहे. चिपळूणला वडिलांचे सुतारकाम होते. सागावर रंधा मारला की थोडा चामड्यासारखा, तेलकट वास येतो. फणसाच्या पिवळ्या लाकडाला गोडसर वास असतो. देवदारी फळी कापली की मात्र करवतीबरोबरच राळेचा भपका उठतो आणि नाक मोकळे होते. आपण केलेल्या वर्णनावरून हा वास देवदाराच्या जवळचा वाटतो. आमच्याकडे देवदारी फळ्या खोक्यांसाठी वापरत, त्यामुळे खोक्याचा वास इतक्या महाग बाटलीत मिळतो हे वडिलांना सांगायची माझी हिंमत नाही.

आगाऊ_पाहुणा

वडिलांना सांगू नका, त्यांच्याकडून भुसा घेऊन विकायला बसा. मी भागीदार व्हायला तयार आहे.

निशिकासाईकर

मी गेली नऊ वर्षे तोक्योच्या निशिकासाई भागात राहतो, तेव्हा ‘हा वास जपानी आहे का’ या प्रश्नाला उत्तर देणे माझे कर्तव्यच ठरते.

लाकडाचा वास निःसंशय जपानी आहे. इथल्या चांगल्या सुशीच्या दुकानात ज्या लांबलचक फळीपुढे आपण बसतो ती हिनोकीची असते. साके म्हणजे तांदळाची दारू ज्या चौकोनी पेटीवजा मापातून देतात, ते ‘मासू’ही याच लाकडाचे. थंड साके मासूत ओतली आणि ओठ लाकडाच्या कडेला लागले की घोटाच्या आधी लाकूड नाकात शिरते. इसेचे देवस्थान दर वीस वर्षांनी पूर्णपणे नव्याने बांधतात, शेवटचे बांधकाम २०१३ साली झाले आणि पुढचे २०३३ साली आहे, तेही हिनोकीतच. जुन्या काळी किसो खोऱ्यातली ही झाडे ओवारी संस्थानाच्या ताब्यात होती आणि ‘एका झाडाला एक डोके’ अशी तिथल्या चोरट्या तोडीची शिक्षा सांगतात.

रंधा यांच्यासाठी मुद्दाम एक गोष्ट सांगतो. नाराजवळच्या होर्युजी मंदिराच्या इमारती सातव्या-आठव्या शतकातल्या आहेत आणि जगात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्यांची गणना होते. विसाव्या शतकात तिथे दुरुस्तीचे काम केलेले मंदिर-सुतार निशिओका त्सुनेकाझु यांनी लिहून ठेवले आहे की, तेराशे वर्षांच्या जुन्या हिनोकीवर रंधा मारला तरी आतून हिनोकीचाच वास येतो. आपल्या वडिलांना हे अवश्य सांगा, ते परफ्यूमची किंमत विसरून जातील.

मात्र माझ्या कार्यालयात कुणी हा परफ्यूम लावून आल्याचे आठवत नाही. इथे गर्दीच्या गाडीत किंवा कचेरीत उग्र वास लावून येणाऱ्याच्या त्रासाला ‘सुमेहारा’ असा स्वतंत्र शब्दच आहे. ज्याचा तासाभरात आपल्या मनगटाशिवाय कुठे वास येत नाही असा परफ्यूम इथे सभ्य मानला जाईल. शिवाय सामान्य घरातला टब प्लास्टिकचा असतो, हिनोकीचा टब लोक सुट्टीत डोंगरातल्या सरायीत जाऊन अनुभवतात. बहुतेकांना वर्षातून एकदा हिनोकी घरबसल्या भेटते ती परागकणांच्या रूपाने. मार्चअखेरीस सुगीचे पराग ओसरू लागतात न लागतात तोच हिनोकीचे सुरू होतात आणि अर्धे शहर शिंकू लागते. माझ्या पत्नीला या परफ्यूमचे नाव जरी सांगितले तरी तिचे डोळे चुरचुरू लागतात.

कर्वेरोड

‘सुगीचे पराग’ वाचून क्षणभर ज्वारीचे रान डोळ्यांपुढे आले. सुगी म्हणजे काय ते कंसात तरी लिहा.

निशिकासाईकर

क्षमस्व. सुगी हा जपानी सीडर म्हणून ओळखला जाणारा दुसरा सूचिपर्णी वृक्ष. महायुद्धानंतर सरकारने घरबांधणीच्या लाकडासाठी डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकीने भरून टाकले, त्याची फळे आम्ही नाकाने भोगत आहोत. गंमत म्हणजे याच मालिकेतल्या तिसऱ्या परफ्यूमचे नाव ‘सुगी’ आहे.

गंधी_कोल्हापूर

परखड मत मांडतो, राग नसावा. जो गंध तासाभरात उडून जातो त्याला मी सुगंधी द्रव्य म्हणत नाही. कनौजला आजही देग-भपक्याने अत्तर काढतात. तांब्याच्या देगेत फुले किंवा भाजलेली माती पाण्यासह शिजते, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि भपक्यातल्या चंदनतेलात विसावते. चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी स्वस्त तेले वापरतात, ही खंत आहेच. पण चांगल्या अत्तराचा एक थेंब कानामागे लावला तर दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या पाण्यातही तो जाणवतो. लाकडाचाच शौक असेल तर आपल्याकडे चंदन आहे, देवदाराचे तेल आहे, वाळ्याचे रूह म्हणजे शुद्ध अर्क आहे. वाळ्याचे अस्सल रूह तांब्यात गाळल्यामुळे हिरवट दिसते आणि त्याला मातीचा, मुळांचा जो गारवा असतो तो परदेशी बाटलीत कुठून येणार?

रसायनी

गंधी यांच्याविषयी आदर राखून म्हणते, तो गारवा याच बाटलीत आहे, कारण कंपनीने दिलेल्या घटकगंधांच्या यादीत तळाशी वाळाच आहे. सायप्रस, टर्पेंटाइन, कापूर, सीडर, थाइम, पाइन, फ्रँकिन्सेन्स, शेवाळ आणि वाळा अशी ती यादी आहे. फ्रँकिन्सेन्स म्हणजे आपल्या सालईच्या गोत्रातल्या झाडांची राळ.

निशिगंध यांच्या मातोश्रींच्या नाकाला मी मनापासून दाद देते. टर्पेंटाइनचा मुख्य घटक अल्फा-पायनीन हा आहे आणि हिनोकीच्या तेलातही तो असतो. आज देवघरात जळणारा बहुतेक कापूर झाडापासून काढलेला नसतो, तो कारखान्यात टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून तयार करतात. सुतार आणि कापूर एकाच वाक्यात आणणाऱ्या मातोश्रींनी एका रासायनिक कुळातली भावंडे नेमकी ओळखली आहेत.

टिकण्याचे गणितही याच कुळात आहे. ज्याला आपण ताजेपणा म्हणतो तो पायनीन, लिमोनीन अशा हलक्या रेणूंचा असतो आणि हलके रेणू आधी उडून जाणारच. चंदनातील सँटॅलॉल हे जड रेणू, ते त्वचेवर बसून राहतात. ताजा लाकडी गंध करणाऱ्याला म्हणूनच सदैव तडजोड करावी लागते. जड घटक वाढवले तर गंध टिकतो, पण न्हाणीघराचे देवघर होते. हा परफ्यूम रचणारे आंत्वान मेझाँदियू यांनी तो कोरडा आणि हलका ठेवला, त्याला मी दोष मानत नाही.

जाता जाता एक मौज. ‘हिनोकिटिऑल’ नावाचे एक प्रसिद्ध संयुग आहे, जे १९३६ साली नोझोए तेत्सुओ यांनी तैवानी हिनोकीच्या तेलातून वेगळे केले. नाव हिनोकीचे असले तरी जपानी हिनोकीत ते जेमतेमच सापडते.

आगाऊ_पाहुणा

म्हणजे नागपूर संत्र्याच्या बर्फीसारखे. नागपूर असते, बर्फी असते, संत्रे शोधावे लागते.

कर्वेरोड

आमच्या पिढीला ‘जपानी परफ्यूम’ म्हटले की इस्सी मियाके आठवतो. १९९४ साली आलेल्या त्याच्या पुरुषांसाठीच्या ‘लो दिस्सी’मध्ये युझू या जपानी लिंबाचा गंध पुढे होता आणि तो जाक काव्हालिए या फ्रेंच माणसाने रचला होता. पहिली नोकरी लागल्यावर मी तो दुबईहून मागवला आणि इतका वापरला की मित्र मला जिन्यात येण्यापूर्वीच ओळखत. तेव्हा जपान म्हणजे पाणी असे सांगत, आता लाकूड सांगतात. मला वाटते, युरोपाला दर पंधरा-वीस वर्षांनी जपानच्या न्हाणीघरातली एकेक वस्तू सापडते.

याच जातीतला ‘ईसॉप’ कंपनीचा २०१७ सालचा ‘हूइल’ माझ्याकडे आहे. कंपनी ऑस्ट्रेलियाची, नाव वेल्श भाषेतले, रचणारे बार्नाबे फियों फ्रान्सचे आणि स्फूर्ती जपानी अरण्याची! पण गंध उत्तम आहे. त्यातही हिनोकी, थाइम, फ्रँकिन्सेन्स आणि वाळा आहेत, मात्र तो धुरकट, ओलसर आणि बराच जड आहे. माझ्या शर्टावर तो दोन दिवस राहतो. धागाकर्तीने बाटलीवर खर्च करण्यापूर्वी तो जरूर हुंगून पाहावा.

माजघर

मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठी आहे, म्हणून थोडे विषयाच्या कडेने बोलते. माझी नात बंगळुरूला असते, तिच्याकडे हे दोन्ही परफ्यूम आहेत. कर्वेरोड यांनी सांगितलेला तो धुरकट परफ्यूम तिने माझ्या पदराला लावला आणि मी एकदम वाईच्या घरी, बंबापाशी जाऊन उभी राहिले. पहाटेचा अंधार, बंबात घातलेल्या ढलप्या, तांब्याला लागलेली धग आणि ओलसर भिंतीला धरून बसलेला धूर. हिनोकी हुंगल्यावर मात्र बंब दिसला नाही, पाट दिसला. आम्ही न्हाणीत लाकडी पाटावर बसून आंघोळ करत असू. वर्षानुवर्षे पाणी पिऊन तो कडेने करडा आणि मऊ झालेला होता. घंगाळातले कढत पाणी पहिल्यांदा अंगावरून पाटावर ओघळले की त्यातून एक वास वर येई, ज्याला आम्ही कधी नाव दिले नाही. पाणी पुसले गेले, पाट भिंतीला उभा केला, की वास नाहीसा.

जपानी माणसाला टबाचे जे कौतुक आहे, ते म्हणूनच मला परके वाटले नाही. फक्त त्यांनी टब जपला आणि आम्ही पाट मोडीत काढून प्लास्टिकचे स्टूल आणले.

रंधा

माजघर, आपला पाट बहुधा सागाचा किंवा फणसाचा असावा. ओलीत टिकावा म्हणून वडील तेच देत. वास नाहीसा होत नव्हता, लाकडात परत जात होता. सुकलेल्या लाकडावर पाणी टाका, तो पुन्हा येतो.

कर्वेरोड

हूइल म्हणजे बंब आणि हिनोकी म्हणजे पाट! इतक्या थोडक्यात केलेली तुलना मी कोणत्याही परफ्यूम-समीक्षेत वाचलेली नाही.

गंधी_कोल्हापूर

पाटाची गोष्ट मनाला भिडली, हे मान्य करतो. टिकाऊपणाविषयीचे मत मात्र बदललेले नाही.

शब्दवेल्हाळ

एक भाषिक शंका या चर्चेत घोळते आहे. आपण सर्वांनी वर ‘वास’ हा शब्द निर्धास्तपणे वापरला, पण नुसते ‘वास येतोय’ म्हटले की ऐकणारा आधी चपला तपासतो. चांगल्यासाठी सुवास, दरवळ, घमघमाट, परिमळ अशी पुरवणी लागते. यांतला घमघमाट हिनोकीला चालणार नाही, तो बासमतीचा आणि मोगऱ्याचा. दरवळही फुलांचाच. ओल्या लाकडाच्या या हळू येणाऱ्या गंधासाठी आपल्याकडे शब्द आहे का?

जपानीत सुगंधी धूप ‘ऐकतात’, त्यांच्या गंधविधीत हुंगण्यासाठी ऐकण्याचेच क्रियापद आहे. त्या विधीला ‘कोदो’ म्हणतात. अगरूचे लहानसे तुकडे राखेत पुरलेल्या निखाऱ्यावर अभ्रकाच्या पत्रीवर ठेवून नुसते तापवतात, धूर होऊ देत नाहीत. गंधांचे वर्गीकरण ते सहा देश आणि पाच रस असे करतात. त्या सहांतल्या ‘मानाबान’ या नावाचा संबंध मलबारशी जोडला जातो. पाच रस म्हणजे गोड, आंबट, तिखट, कडू आणि खारट.

माजघर

मग तुरट कुठे गेला? आमच्याकडे सहा आहेत.

निशिकासाईकर

तुरट बहुधा त्यांच्या माच्चा चहात आहे, आजी. शब्दवेल्हाळ यांचे म्हणणे बरोबर आहे. मी एकदा क्योतोत असा कार्यक्रम पाहिला. डाव्या तळव्यावर वाटी ठेवून उजव्या हाताने ती झाकायची, अंगठ्याजवळच्या फटीतून तीन वेळा श्वास घ्यायचा आणि पुढच्याला द्यायची. पाच पुड्यांतले कोणते गंध सारखे आहेत हे ओळखायचे होते. माझे एकही उत्तर बरोबर आले नाही, पण शेजारच्या वृद्ध बाईंचेही आले नाही आणि त्या अतिशय आनंदात होत्या.

नवी_पनवेल

मध्येच व्यावहारिक मुद्दा मांडतो. हा किंवा असा कोणताही परफ्यूम ‘ऐंशी टक्के सवलत’ पाहून ऑनलाइन मागवू नका. मी एका संकेतस्थळावरून हिनोकी मागवला, बाटली हुबेहूब होती, खोकेही. फवारल्यावर प्रथम स्पिरिट आणि मग फिनेलची दुधाळ फरशी. दहा दिवस पत्रव्यवहार केल्यावर ‘गंध ही व्यक्तिसापेक्ष बाब आहे’ असे उत्तर आले. बाटली आता न्हाणीघरातच आहे, पण वेगळ्या कामासाठी.

आगाऊ_पाहुणा

म्हणजे स्नानगृहाची मूळ कल्पना विक्रेत्याने प्रामाणिकपणे पाळली.

रसायनी

धागाकर्तीच्या पावसाळ्याच्या प्रश्नाकडे कुणी वळलेच नाही. दमट हवेत नाकाला गंध एरवीपेक्षा चांगले कळतात आणि उबदार, किंचित ओलसर त्वचेवर हा परफ्यूम उघडतो. वातानुकूलित खोलीतल्या कोरड्या त्वचेवर तो लवकर आटोपतो. बिनवासाचे मलम किंवा दोन थेंब खोबरेल आधी चोळून पाहा, पण खोबरेल वासाचे नको, नाहीतर सोलकढीत भुसा पडल्यासारखे होईल. मनगटे एकमेकांवर घासू नका. आणि शक्य तर कापडावर फवारा, सुती कापडावर लाकडी गंध अधिक टिकतात. पांढऱ्या कपड्यावर आधी कोपऱ्यात करून पाहावे.

निशिगंध_दादर

इतके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते, सर्वांचे आभार. उशीर झाला, कारण मी प्रयोग करत होते आणि मध्ये चार दिवस पाऊस इतका लागला की घराबाहेर पडताच आले नाही.

कचेरीत पुन्हा लावून पाहिला. तिथे तो टर्पेंटाइनवर सुरू होऊन पेन्सिलीच्या टोकावर संपतो, मधले काही हाती लागत नाही. माझ्यापासून दोन टेबलांवर बसणाऱ्या सहकाऱ्याने नवीन फर्निचर आले का, असे विचारले. कर्वेरोड यांनी सुचवलेला हूइल दुकानात जाऊन हुंगला. मला तो फार भारी वाटला, पावसात भिजलेल्या होळीसारखा, आणि घरी येईपर्यंत डोके धरले. गंधी यांच्या सांगण्यावरून वाळ्याचे अत्तरही आणले. ते मला खूप आवडले आणि ते मी लावणारच आहे, पण ती वेगळी वस्तू आहे. त्याने माठातल्या पाण्याची आठवण होते, लाकडाची होत नाही.

मग माजघर यांचा प्रतिसाद वाचून रविवारी डोक्यावरून नाहल्यावर, अंग नीट न पुसताच, गळ्याखाली एक फवारा मारला. खिडकी उघडी होती, बाहेर संततधार होती आणि न्हाणीघरातली वाफ अजून खोलीत येत होती. टर्पेंटाइन जवळजवळ आलेच नाही. लाकूड आले, पण या वेळी ते कोरडे नव्हते, त्याच्या आत पाणी होते. कापूर दूर कुठेतरी, शेजारच्या घरातली आरती आटोपल्यावर येतो तेवढाच. अर्धा-पाऊण तास तो तसाच राहिला आणि मग सालईची राळ नि थोडे शेवाळ मागे ठेवून गेला. गंधी म्हणतात तसा तो टिकला नाही हे खरे आहे, पण आंघोळ तरी कुठे टिकते?

आईला बोलावून हुंगायला दिला. तिने बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाली, “रत्नागिरीच्या घरची मोरी.” माझी आजी गेल्यावर ते घर विकले, मी तिथे आंघोळ केल्याचे मला आठवत नाही.

मोठी बाटली सध्या मागवत नाही. कुपीत अजून तीनेक मिली असावे आणि ते मी रविवारपुरते ठेवणार आहे. अट एवढीच की आता त्यात आईचाही वाटा आहे.

गंधी_कोल्हापूर

दोघींत तीन मिली म्हणजे पावसाळाही निघणार नाही. मागवून टाका.

रंधा

वडिलांना होर्युजीची गोष्ट सांगितली. त्यांनी माळ्यावरून आजोबांच्या वेळचा फणसाचा एक तुकडा काढला, त्यावर रंधा फिरवला आणि मला हुंगायला दिला. पिवळा रंग वरून गेला होता, आत तसाच आहे. वास आहे.